आमच्याकडे कपडे घट्ट होत नाहीत

माझा भाऊ जन्मला तेव्हा एवढासा होता, की बघायला आलेली माणसं आधी दुपटं उचलून बघायची आणि मग म्हणायची, "अगंबाई, आहे की आत!" मूठभर जीव म्हणून त्याला सगळे मुठू म्हणायला लागले. पुढे तो दारातून आडवा होऊन आत यावा इतका झाला, तरी नाव काही बदललं नाही. दुकानात आलेलं नवं गिऱ्हाईक "मुठूशेठ कुठायत?" असं विचारायचं, समोरचा पहाड "मीच तो" म्हणायचा, आणि गिऱ्हाइकाचं तोंड उघडं पडलेलं आम्ही बहीणभाऊ फुकटात बघून घ्यायचो.

आई शाळेचे गणवेश शिवायची. बाबा आधी कामासाठी बाहेरगावी असायचे, मग नुसतेच बाहेरगावी असायचे. त्यांच्याबद्दल एवढं पुरे. मुठू दिवस भरायच्या कितीतरी आधी आला. दवाखान्यातून घरी आणताना त्याला बसेल असं झबलं कुठल्या दुकानात मिळेना, तेव्हा आईनं गणवेशाच्या खिशासाठी कापून ठेवलेल्या अस्तरातून त्याचं पहिलं झबलं बेतलं. एका खिशात पाठ, एका खिशात पोट. मी तेव्हा प्राथमिक शाळेत होते आणि माझ्या बाहुलीचा फ्रॉक त्याहून मोठा होता, हे मी येणाऱ्या-जाणाऱ्याला अभिमानानं दाखवत होते.

घरी सोडताना तिथल्या नर्सनं आईला सांगितलं, "याला भरवा, बाई. जेवढा भरेल तेवढा जगेल." आईनं ते गाठीशी बांधलं. कापसाच्या बोळ्यानं दूध, मग चमच्यानं, मग वाटीनं. रात्रंदिवस तिला दुसरा उद्योग नव्हता. त्याच्या गालाला पहिल्यांदा बोट रुतलं तेव्हा ती एवढी हसली, की हसता हसता तिला रडू फुटलं. भरवा, असं सांगायला माणूस भेटलं. आता पुरे, असं सांगायला मात्र पुढे तिला कुणीच भेटलं नाही.

तिचं दुसरं एक वेड होतं. मुठूचा प्रत्येक कपडा ती बाजूच्या शिवणीत आणि कमरेत भरपूर जास्तीचं कापड आत दाबून शिवायची. "भरेल तो," म्हणायची. आणि तो भरायचा. शर्ट काखेत काचतोय असं त्यानं जन्मात म्हटलं नसेल, कारण काचायच्या आधीच आईची कात्री तिथे पोचलेली असायची. जुनी शिवण उसवायची, बोटभर बाहेर नवी घालायची, इस्त्री फिरवायची, झालं. सकाळी त्यानं घातला की परत अंगाला बरोब्बर. "पुन्हा सोडावं लागलं गं!" हे ती मला अशा आवाजात सांगायची, की जणू पोरगा वर्गात पहिला आलाय. पहिली मी यायचे. मला पेन्सिल मिळायची. माझे फ्रॉक मापात असायचे, ताटातलं जेवणही मापात असायचं, आणि मी त्यावरून पुष्कळ भांडायचे. मुठू मग स्वतःच्या ताटातलं माझ्या ताटात टाकायचा. आई ते उचलून परत त्याच्या ताटात टाकायची. असा एकेक घास तीन-तीनदा प्रवास करायचा.

मी मोठी होऊन पोस्टाच्या खिडकीवर बसले. तो आईच्या दुकानात कापायला उभा राहिला. कापडाचे थर एकावर एक रचून असा सफाईनं कापायचा, की कापलेलं कापड जागचं हलायचं नाही. बायका पोरांना माप द्यायला आणायच्या आणि पोरं रडायची. मुठू टेप स्वतःच्या पोटाभोवती गुंडाळायचा, तो पुरायचा नाही, मग खोटं खोटं रडायचा. पोरं हसायची, तेवढ्यात आई माप घेऊन मोकळी.

आधी त्याला लघवीला फेस यायला लागला. मला हसत सांगत होता, "ताई, पोटात साबणाचा कारखाना निघालाय, लाँड्री टाकू या का?" मी म्हटलं, दाखवून ये. त्यानं "हो" म्हटलं, म्हणजे नाही. मग संध्याकाळी पाय सुजायला लागले, मोज्यांचे वळ उठायला लागले. उभं राहून काम, शिवाय वजन, पाय सुजणारच, असं सगळ्यांनीच ठरवून टाकलं. आईनं त्याच्या विजारीच्या पायाशी दोन्ही बाजूंनी शिवण सोडली. विजार परत बरोब्बर बसली. एके दिवशी मोठी कात्री हातात असताना त्याला गरगरलं आणि तो कापडाच्या ढिगावर बसला, तेव्हा कुठे आम्ही दवाखान्यात गेलो. रक्तदाब आभाळाला टेकलेला. मग रक्त, लघवी, आणि शेवटी सुईनं किडनीचा एक कण काढून तपासायला पाठवला.

निकाल ऐकायला आम्ही तिघंही गेलो होतो. डॉक्टर बाई वयानं माझ्याएवढ्याच असतील. त्यांनी घाई केली नाही, याबद्दल मी त्यांची आजही ऋणी आहे.

"किडनीत अगदी बारीक बारीक गाळण्या असतात," त्या म्हणाल्या. "लाखो. वेळेआधी आणि खूप कमी वजनाचं जन्मलेल्या बाळाला त्या बऱ्याचदा कमीच मिळतात, आणि पुढे नव्या तयार होत नाहीत. शरीर वाढत गेलं, की तेवढ्याच गाळण्यांना जास्त रक्त गाळावं लागतं. त्या ताणतात, फुगतात. मग एकेकीवर व्रण धरायला लागतो. व्रण धरलेली गाळणी कामातून जाते. तिचं काम शेजारणीवर पडतं, मग तीही जाते. यांच्या बऱ्याचशा गेल्यात."

"रफू नाही करता येत?" आईनं विचारलं.

"नाही करता येत, मावशी. उरलेल्या सांभाळायच्या. वजन उतरवायचं, रक्तदाबाची गोळी चुकवायची नाही. हे आधी कळलं असतं तर आणखी करता आलं असतं." मग त्या मुठूकडे वळल्या. "वजन असं कधीपासून वाढतंय? कपडे घट्ट व्हायला लागले ते साधारण कधी?"

मुठू सवयीनं हसला. गिऱ्हाइकांना शंभरदा सांगितलेलं वाक्य त्याच्या तोंडून निसटलं. "आमच्याकडे कपडे घट्ट होत नाहीत, डॉक्टर. आई आहे ना!"

बोलून झालं आणि त्याचं त्यालाच कळलं. आई मांडीवरच्या हातांकडे बघत होती. सुई टोचून टोचून खरखरीत झालेल्या बोटावरून ती अंगठा फिरवत होती.

"म्हणजे मी उसवत गेले नसते, तर कळलं असतं," ती म्हणाली. "आणि एवढं भरवलं नसतं तर? तर झालंच नसतं?"

"असं एका गोष्टीवर बोट ठेवता येत नाही," डॉक्टर बाई म्हणाल्या. "सगळ्याच जाड माणसांना हे होत नाही. तुम्ही तेव्हा भरवलंत म्हणून तर..."

पण आईला ते ऐकू जात नव्हतं. तिचा चेहरा मी बघत होते, आणि आजवर कुणाचाही असा चेहरा मी बघितलेला नाही. पुन्हा बघायचाही नाही.

"आई," मुठू एकदम म्हणाला, "तुला एक सांगायचं राहिलंय. तू चिडशील."

आईनं वर बघितलं.

"दुकानासमोरची बेकरी आहे ना. दुपारी तू मशीनमागे जरा आडवी व्हायचीस, तेव्हा मी तिकडे जायचो. रोज. क्रीमचा पाव खायला. वर साखर भुरभुरलेली असते, आत क्रीम. दाबला की बाजूनं बाहेर येतं. एक नाही, चार-चार खायचो. गेली किती तरी वर्षं. आईच्या जेवणानं नाही झालेलं हे, डॉक्टर. घरचं काय, साधं असतं. हे माझं मी केलंय."

मुठूला लहानपणापासून क्रीम चालत नाही. वाढदिवसाच्या केकवरचं क्रीम तो चमच्यानं खरवडून माझ्या बशीत ढकलायचा, त्याला वासानंच उलटी व्हायची. दुपारी आई झोपली की तिची झोप मोडू नये म्हणून तो मशीन बंद ठेवून हातानं बटणं लावत बसायचा. दुपारी फोन केला तर कुजबुजत बोलायचा. हे सगळं मला माहीत होतं. आईला ते त्या क्षणी आठवलं नाही, असं मला वाटलं. बुडणारं माणूस हाताला लागेल ते धरतं.

"मेल्या!" आई ओरडली, आणि डॉक्टरांसमोर तिनं त्याच्या दंडावर फाडकन मारलं. "मी इथे डोळे फोडून मरते आणि तू माझ्या पाठीमागे पाव गिळतोस? लाज नाही वाटली? चार-चार?"

"चुकलं," मुठू मान खाली घालून म्हणाला. आईच्या तोंडावर रंग परत आला होता. त्यानं खाली घातलेल्या मानेनंच माझ्याकडे तिरकं बघितलं. बोलू नकोस, असं ते बघणं होतं. माझ्या तोंडाचा पट्टा सगळ्या पोस्टात प्रसिद्ध आहे. मी एक अक्षर बोलले नाही.

तेव्हापासून आमच्या घरात तो क्रीमचा पाव राहायला आला. मीठ बंद झालं की आई म्हणायची, "खा आता अळणी, पाव खाल्लेस ना!" पाणी मोजून प्यायची वेळ आली, घसा कोरडा पडून त्याचा आवाज फुटेना, की आई डोळे पुसत पुसत त्याला त्या पावावरून बोलायची. पुढे डायलिसिस सुरू झालं. एक दिवसाआड सकाळी मशीनला जोडून घ्यायचं, दुपारी पिळून काढल्यासारखं परत यायचं. तरी घरात पाऊल टाकल्या टाकल्या पाव. आणि हा ऐकून घ्यायचा. नुसतं ऐकून नाही, वर भर घालायचा. "एकदा तर सहा खाल्ले होते," म्हणायचा. मला इतका राग यायचा, की भांडी आपटावीशी वाटायची. एकदा दोघंच असताना मी त्याला म्हटलं, "किती दिवस ऐकून घेणारेस रे? मी सांगून टाकते तिला."

"सांगशील आणि काय देशील तिला त्याच्या बदल्यात?" तो म्हणाला. "राहू दे की, ताई. ओरडते तोवर बरी आहे ती."

माझी किडनी त्याला जुळत होती. मला काय आनंद झाला होता म्हणून सांगू! पण वजन बरंच उतरल्याशिवाय ऑपरेशन करता येणार नव्हतं. एवढ्या वजनावर जखम भरत नाही, आणि नव्या किडनीच्या गाळण्यांवरही पुन्हा तोच भार पडतो, असं डॉक्टर बाईंनी समजावलं. मग मुठू वजनाच्या मागे हात धुऊन लागला. आईसुद्धा. जी बाई आयुष्यभर वाढताना "आणखी घे" म्हणत आली, ती आता दवाखान्यातल्या आहाराच्या बाईंनी आखून दिलेलं तेवढंच ताटात वाढायची आणि तो जेवत असताना भिंतीकडे तोंड करून बसायची. पहिल्यांदा त्याची विजार सैल झाली, तेव्हा तिनं ती आत घेतली. मग शर्ट. आत घेतलेलं कापड तिनं कापून मात्र टाकलं नाही. मी म्हटलं, "काप की, कमरेला गोळा येतोय." तर म्हणाली, "असू दे. किडनी बसली की जरा भरेल."

थोडंच वजन राहिलं होतं. खरंच थोडं. डॉक्टर बाई आता ऑपरेशनच्या तारखेचं बोलायला लागल्या होत्या, आणि मी साहेबांकडे रजेचा अर्जसुद्धा देऊन आले होते. तेवढ्यात डायलिसिससाठी त्याच्या छातीत बसवलेल्या नळीच्या जागी जंतू शिरले आणि ताप भरला. जंतू रक्तात पसरले.

शेवटच्या दिवसांत दुपारी आई त्याच्याजवळ बसायची, मी पोस्टातून सुटले की जायचे. एकदा मी दारात पोचले, तर आई त्याच्या कपाळावरून हात फिरवत म्हणत होती, "लवकर बरा हो. मग मी स्वतः तुला तुझा क्रीमचा पाव आणून देते. डॉक्टरांना विचारून. एकच."

मुठूनं डोळे उघडले. "नको," म्हणाला. "नको वाटतो आता. तुझ्या हातचा भात दे."

आई त्याच्याकडे किती तरी वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "देते हं." पण द्यायची वेळ आली नाही.

तो गेल्यावर दुकान बरेच दिवस बंद होतं. नंतर मीच मागे लागून उघडायला लावलं. शाळा सुरू व्हायचे दिवस, बायका पोरांना घेऊन यायला लागल्या. एका रविवारी मी गेले, तर दारात दोन बायका आईशी भांडत होत्या. पोरांचे कपडे आतून जराही जास्तीचं कापड न ठेवता शिवले होते. अगदी काठोकाठ. "वाढत्या अंगाची पोरं, मावशी, दोन महिन्यांत फेकून द्यायचे का?" असं एक जण विचारत होती. मी त्यांची समजूत काढली आणि आत येऊन आईवर घसरले. आयुष्यभर हातचं राखून शिवलंस आणि आता हे काय नवीन?

"घट्ट होऊ देत," आई म्हणाली. "घट्ट झालं की कळतं."

मुठूनं एवढी बोलणी खाल्ली, ती सगळी वाया गेली की काय? म्हणून मी गडबडीनं म्हटलं, "तुझ्या शिवण्यानं काय झालं? तो त्या बेकरीतच..."

"हो ना," आई म्हणाली. तिनं चष्मा काढून मशीनवर ठेवला. "चल, जाऊन येऊ तिथे."

"कशाला?"

"चल म्हटलं ना."

रस्ता ओलांडून पलीकडे जायला कितीसा वेळ लागतो! तेवढ्यात मी काय काय कारणं सांगितली ते मला आठवत नाही. ती थांबली नाही. बेकरीवाला तरुण होता, हातापायाला पीठ लागलेला, आईला बघून अदबीनं पुढे आला.

"क्रीमचा पाव द्या," आई म्हणाली. "वर साखर असलेला."

"क्रीमचं आपण काही ठेवत नाही, मावशी. साधा पाव आहे, बिस्किटं आहेत, टोस्ट आहे."

"पूर्वी ठेवत होता?"

"वडील बसायचे तेव्हापासून नाही."

मी आईच्या मागे उभी राहून त्याला डोळ्यांनी, भुवयांनी, हातांनी जेवढं सांगता येईल तेवढं सांगत होते. हो म्हण रे बाबा. पण तो सरळ माणूस, माझ्याकडे बघून गोंधळला फक्त.

"माझा मुलगा यायचा इथे," आई म्हणाली. "दुपारचा. समोरच्या दुकानातला."

"मुठूशेठ? त्यांना कोण ओळखत नाही!" त्याचा चेहरा उतरला. "फार वाईट झालं, मावशी. पण इथे नाही कधी आले ते. सकाळी मी शटर उघडताना तिकडून हात करायचे, तेवढंच."

"एकदाही नाही?"

"एकदाही नाही."

आईनं मान डोलावली आणि एक साधा पाव घेतला, दुकानात येऊन काही न घेता जाणं बरं नाही म्हणून. आम्ही बाहेर आलो. रस्त्याच्या कडेला ती थांबली. मला तिच्याकडे बघवत नव्हतं.

"तुला माहीत होतं ना?" तिनं विचारलं.

मी खाली बघत मान हलवली.

"मलाही माहीत होतं," आई म्हणाली. "क्रीम कधी गेलं का त्याच्या घशाखाली? डॉक्टरांच्या खोलीतच कळलं मला."

"मग इतकं का बोलायचीस गं त्याला?" माझा आवाज चढला, रस्त्यातली माणसं वळून बघायला लागली. "शेवटपर्यंत त्या पावावरून बोललीस! का?"

"मी ओरडले की त्याला बरं वाटायचं," ती म्हणाली. "त्याला वाटायचं, आईला पटलंय. तू त्याचा चेहरा नाही बघितलास."

मला रडू आवरेना. भर रस्त्यात, पोस्टातली अर्धी गिऱ्हाइकं जिथून जातात त्या रस्त्यात, मी लहान पोरीसारखी रडले. रडत रडतच तिला म्हटलं, "तू भरवलंस म्हणून तो जगला, आई. खिशाच्या अस्तरात मावत होता तो. तू नसतीस तर आठवडाभरही राहिला नसता."

"हो," आई म्हणाली. "तेही मीच केलं."

पावाची पुडी ती दोन्ही हातांनी पोटाशी धरून उभी होती.

"मग आज कशाला आलीस इथे?" मी विचारलं. "माहीत होतं तर?"

"वाटलं, एखाद वेळेस खरं असेल. माणसाची आवड बदलते कधी कधी." तिनं बेकरीकडे एकदा वळून बघितलं. "खरं असतं ना, तर मनापासून शिव्या घातल्या असत्या मी त्याला."

मी तिचा हात धरला, दोन्ही बाजूंनी बघितलं आणि तिला रस्ता ओलांडून दिला.